महानगरातली लढाई इतकी अवघड का असते?

एक कोटीहून अधिक लोकसंख्येच्या शहराला मेगासिटी म्हणतात. २०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्यात सुमारे ६,३०० चौरस किलोमीटरमध्ये १३ लाख लोक राहत होते. बृहन्मुंबईत मात्र त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी जागेत १ कोटी २४ लाख! अशा गर्दीत शस्त्र चालवायचं, तर गोळी झाडण्याआधी समोर कोण आहे हे ओळखावं लागतं.

२६/११ ला काय घडलं?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री १० दहशतवाद्यांनी जोड्या करून मुंबईत एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ले केले. पोलिसांनंतर नौदलाचे मार्कोस कमांडो ताजमध्ये पोहोचले. एनएसजीचे कमांडो मात्र हरियाणातल्या मानेसरहून निघून दिल्लीमार्गे दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत आले. त्यांच्या कारवाईचं नाव होतं ‘ऑपरेशन ब्लॅक टॉर्नेडो’. नरिमन हाउसच्या गच्चीवर ते हेलिकॉप्टरमधून दोरीने उतरले. ताजची शेवटची चकमक २९ तारखेला सकाळी संपली. हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला.

इतका वेळ का लागला?

उंच इमारतीत प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक दाराआड ओलीस असू शकतो किंवा बंदूकधारी. तोफा-बॉम्बचा मारा करता येत नाही. एकेक खोली तपासत पुढे जावं लागतं. त्यामुळे मूठभर माणसंही मोठ्या दलाला अडवून धरतात. इराकमधलं मोसुल शहर परत घ्यायला २०१६-१७ मध्ये सुमारे नऊ महिने लागले होते.

दुसरी अडचण माहितीची. टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण पाहून पाकिस्तानातले सूत्रधार दहशतवाद्यांना फोनवरून सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालात वाहिन्यांवर याबद्दल कडक ताशेरे ओढले.

नंतर काय बदललं?

२००९ मध्ये मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकात्यात एनएसजीची केंद्रं सुरू झाली. महाराष्ट्राने ‘फोर्स वन’ उभारलं. २०१५ पासून दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण करायला वाहिन्यांना मनाई आहे. मे २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने लष्करी हालचाली थेट न दाखवण्याची सूचना सामान्य नागरिकांनाही केली.

कारण आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. गच्चीवर उतरणाऱ्या कमांडोंचा एक व्हिडिओ आत लपलेल्या बंदूकधाऱ्याच्या फोनवरही पोहोचू शकतो. त्यामुळे अशा वेळी व्हिडिओ टाकायचा नाही, आलेला पुढे पाठवायचा नाही.