इंदूरचे होळकर आणि बर्लिनचा मित्र

इंदूरमध्ये पोलोग्राउंड नावाचा एक भाग आहे. आज तिथे कारखान्यांची वसाहत आहे, वीज वितरण कंपनीचे मोठे कार्यालय आहे. घोडे गेले, नाव तेवढे राहिले. पोलो हा खेळ मूळ मणिपूरचा. इंग्रजांनी तो उचलला, नियमांत बसवला आणि संस्थानिकांच्या दारी आणून पोचवला. संस्थानी शहरांतली अशी मैदाने म्हणजे साहेब आणि राजेलोक यांच्या उठण्याबसण्याच्या जागा. पण तिथली दोस्ती मापातली. खेळ संपला की एक सत्ताधीश आणि दुसरा मांडलिक.

म्हणूनच हे नाव ऐकले की मला इंदूरचीच एक निराळी मैत्री आठवते. ती मैदानावर नव्हे, परमुलखात जुळली.

यशवंतराव होळकर (दुसरे) यांचा जन्म १९०८चा. मुंबईतल्या बावला खून प्रकरणानंतर वडील तुकोजीराव (तिसरे) यांना १९२६ साली गादी सोडावी लागली आणि यशवंतराव वयाच्या सतराव्या वर्षी राजे झाले. कारभाराचे पूर्ण अधिकार मिळायला १९३० साल उजाडले. मधली काही वर्षे ते ऑक्सफर्डला शिकत होते. तिथे त्यांचे शिक्षक मार्सेल हार्डी यांच्यामुळे त्यांची एकार्ट मुथेसियस यांच्याशी ओळख झाली. मुथेसियस १९०४ साली लंडनमध्ये जन्मलेले, पण घराणे जर्मन. वडील हेरमान हे नामांकित वास्तुकार. मुलगाही त्याच वाटेने निघालेला, पण अजून नाव व्हायचे होते.

विचार करा, राजाच्या पदरी पैसा होता. युरोपातला कुठलाही बडा वास्तुकार धावत आला असता. यशवंतरावांनी आपला वाडा बांधायला दिला तो पंचविशीतल्या या मित्राला! १९३० ते १९३३ या काळात इंदूरचा माणिकबाग उभा राहिला. ना घुमट, ना नक्षीच्या कमानी. सरळ रेषा, काच, धातू आणि त्या काळातले अगदी नवे फर्निचर. महाराणी संयोगिताबाई कोल्हापूरजवळच्या कागलच्या. हे मराठी जोडपे त्या काळी कलेत जगाच्या पुढे चालत होते.

एका मैत्रीतून दुसरी निघते. फ्रेंच लेखक आंरी-पिएर रोशे यांच्यामार्फत यशवंतराव शिल्पकार ब्रांकुशी यांच्यापर्यंत पोचले. त्यांचे ‘अवकाशातला पक्षी’ हे शिल्प त्यांनी तीन रूपांत घेतले आणि इंदूरला एक ध्यानमंदिर बांधायचे ठरवले. पण १९३७ साली संयोगिताबाई गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत ब्रांकुशी इंदूरला येऊन गेले, मंदिर मात्र झालेच नाही. १९३९ साली महायुद्ध पेटले आणि जर्मन वास्तुकार व ब्रिटिशांचा मांडलिक राजा दोन विरुद्ध बाजूंना गेले.

आम्हा गोंयकारांना हे थोडे नवलाचे वाटेल. आमचे तारवटी जग फिरले, पण मुंबईत उतरले की आधी आपल्या गावाची कूड शोधायचे. परक्या गावी आपला माणूस शोधणे यात गैर काहीच नाही, पोटाची गरज ती. चांदर, लोटलीच्या जुन्या घरांत चिनी मातीची भांडी आहेत, युरोपातली झुंबरे आहेत. वस्तू आल्या, त्या बनवणारा मात्र क्वचितच घरी आला. इंदुरात तो आला.

अर्थात हे सगळे रयतेच्या महसुलावर झाले, हेही विसरता कामा नये. सामान्य विद्यार्थी मित्राला पत्र पाठवतो, राजा वाडा देतो. आणि ज्या रयतेने पैसा पुरवला तिच्या हाती काय उरले? १९७३ साली दोन संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या संग्रहालयाने घेतले. १९८० साली माणिकबागेचे सामान मोनॅकोत लिलावात विकले गेले. वाड्यात सरकारी करखात्याचे कार्यालय आले. २०१९ साली पॅरिसमध्ये या सगळ्याचे मोठे प्रदर्शन भरले. इंदूरकराने आपला वारसा पाहायला पॅरिसला जायचे!

तरीही मला वाटते, या गोष्टीतली मोलाची बाब सामानात नाही. परदेशात जाऊन वस्तू आणणारे पुष्कळ. तिथल्या माणसाला बरोबरीने जवळ करून, “तुझे डोके मला हवे, घर माझे, बांध तू” असा विश्वास टाकणारा विरळा. पोलोच्या मैदानावर हे घडणे कठीण होते. तिथे कोण कुणापेक्षा मोठा हे आधीच ठरलेले असायचे.