चाकाचे बेअरिंग घरी बदलताना

प्रभादेवीत राहणाऱ्या मोटारमालकाला चाकातील बिघाड सहसा प्रभादेवीत कळत नाही. सिद्धिविनायक मंदिरासमोरून किंवा सेनापती बापट मार्गावरून रखडत, हॉर्नच्या गजरात जाताना चाकाचा आवाज ऐकू येणे जवळजवळ अशक्यच. तीच मोटार वांद्रे-वरळी सागरी सेतूवर किंवा २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या किनारी रस्त्यावर आली, ताशी साठ-सत्तर किलोमीटरचा वेग गाठला गेला आणि काचा बंद असल्या, की खालून एक अखंड घरघर कानी पडू लागते. वेगाबरोबर ती वाढते, वेग कमी होताच ओसरते. बहुतेक जण दोष टायरला देतात आणि रेडिओचा आवाज वाढवतात. ही घरघर चाकाच्या बेअरिंगची असू शकते. ते बेअरिंग हातातील अवजारांनी घरी बदलता येईल का, हा प्रश्न मात्र मालकाच्या हौसेवर अवलंबून नसतो. तो बेअरिंगच्या प्रकारावर अवलंबून असतो.

आधी दुखणे ओळखावे

टायरचा आवाज रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की बदलतो. डांबरावर एक, काँक्रीटवर दुसरा. बेअरिंगचा आवाज रस्ता बदलल्याने फारसा बदलत नाही, पण वळणावर बदलतो. मोटार उजवीकडे वळत असताना तिचा भार डाव्या चाकांवर जातो. त्या वेळी घरघर वाढली, तर संशय डाव्या बाजूवर घ्यावा. गिअर न्यूट्रलमध्ये टाकून मोटार घरंगळू दिली तरी आवाज कायम राहतो, त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्स संशयातून सुटतात.

पुढची तपासणी उभ्या मोटारीवर करायची असते. चाक जॅकने उचलून, खाली आधार देऊन, घड्याळातील १२ आणि ६ या आकड्यांच्या जागी दोन्ही हातांनी धरून हलवावे. चाक डुगडुगले, तर दुसऱ्या व्यक्तीला ब्रेक दाबून धरण्यास सांगावे. ब्रेक दाबल्यावर डुगडुग थांबली, तर दोष बेअरिंगचा. तरीही राहिली, तर सस्पेन्शनमधील बॉल जॉइंटसारखा दुसरा एखादा सांधा ढिला झालेला असतो. डुगडुग अजिबात नसली तरी बेअरिंग निर्दोष ठरत नाही. एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवल्यास खराब बेअरिंगची कंपने स्प्रिंगमधून बोटांना जाणवतात. कानापेक्षा बोटे येथे अधिक भरवशाची.

पाणी आणि गंज

सामान्यतः बेअरिंगचे आयुष्य एक लाख किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. मध्य मुंबईत त्याला मोठा शत्रू भेटतो तो साचलेल्या पाण्याचा. हिंदमाता, परळ आणि दादरचा सखल भाग दर पावसाळ्यात चर्चेत असतो. हिंदमात्याचे पाणी साठवण्यासाठी महापालिकेने दादर पश्चिमेच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली प्रचंड टाक्या बांधल्या. त्यांनी पाणी लवकर ओसरू लागले असले, तरी मोटारी पाण्यातून जाणे संपलेले नाही.

होते ते असे. धावून तापलेले हब एकाएकी थंड पाण्यात बुडते, आतील हवा आकुंचन पावते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. ग्रीस दुधाळ होते. मोटार त्यानंतर आठ-दहा दिवस उभी राहिली, तर गोळ्या ज्या जागी टेकलेल्या असतात तेथेच गंजाचे बारीक खड्डे पडतात. आवाज मात्र दोन-तीन महिन्यांनी, दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि तोवर पावसाचा विसर पडलेला असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हब बुडेपर्यंत पाण्यात राहिलेल्या मोटारींची चाके अशी उशिराच बोलू लागली असतील, तर नवल नाही.

घरचे काम कोणते, गॅरेजचे कोणते

मोटारीच्या चाकांत ढोबळमानाने तीन-चार प्रकारची मांडणी आढळते. जीपच्या वळणाच्या वाहनांत निमुळत्या रोलरच्या बेअरिंगची जोडी असते. ती नटने कमी-जास्त घट्ट करता येते आणि घरी बदलता येते. अलीकडच्या अनेक मोटारींत हब आणि बेअरिंग यांचा एकच जोड बोल्टने बसवलेला असतो. तो पूर्ण काढून नवा लावायचा. हेही घरचे काम. पुढच्या चाकांना गती देणाऱ्या छोट्या मोटारींच्या पुढील चाकात मात्र बेअरिंग 'नकल'मध्ये दाबून बसवलेले असते. ते काढण्या-बसवण्यास हायड्रॉलिक प्रेस लागतो. येथे हातोडी चालवणे हा शुद्ध अविचार होय. फार तर नकल सुटी करून ती प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्यावी आणि दाबून आणल्यावर घरी जोडावी.

मारुती ८०० आणि तिच्या घराण्यातील छोट्या मोटारींचे मागचे चाक या कामाची उत्तम शाळा आहे. १९८३ ते २०१४ या काळात बनलेल्या या मोटारीच्या मागच्या ब्रेक ड्रममध्येच दोन बॉल बेअरिंग आणि त्यांच्यामध्ये एक नळी, अर्थात स्पेसर, असतो. मागच्या चाकात ड्राइव्ह शाफ्ट नसल्याने गुंतागुंत कमी आणि पंच व हातोडीने काम होण्यासारखे.

खरेदी शनिवारीच

जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला क्रमांक हीच त्याची ओळख. साध्या बॉल बेअरिंगच्या चार आकडी क्रमांकातील शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. ६२०५ म्हणजे २५ मिलिमीटर. (हा हिशेब ०४ पासून पुढे लागू पडतो.) तथापि मोटारीच्या बेअरिंगची रुंदी आणि सील वेगळे असू शकतात, म्हणून मोटारीच्या मॉडेलनुसार सुटा भाग मागावा आणि क्रमांक पडताळणीपुरता वापरावा.

प्रभादेवी स्थानकातून पादचारी पुलाने परळ गाठून मध्य रेल्वेने मस्जिदला उतरले, की नागदेवी स्ट्रीटचा अवजारे आणि बेअरिंगचा बाजार चालण्याच्या अंतरावर आहे. मोटारीच्या सुट्या भागांसाठी ऑपेरा हाऊसचा परिसर ओळखीचा. नामांकित कंपन्यांची नक्कल केलेला माल या धंद्यात फार, त्यामुळे पावती देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच खरेदी करावी आणि जुने, 'चांगल्या अवस्थेतील' बेअरिंग कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. सोबत नवी स्प्लिट पिन, ग्रीस आणि सील घ्यावे. रविवारी काम काढायचे तर हे सर्व शनिवारीच घरात हवे. ड्रम उतरवल्यावर बाजार बंद असल्याचे आठवणे महागात पडते.

जमीन कशी आहे

या कामात जीव जातो तो बेअरिंगमुळे नव्हे, जॅक सरकल्यामुळे. प्रभादेवीतील सोसायट्यांच्या आवारात पेव्हर ब्लॉक असतात. जॅकचा छोटा पाय त्यांवर ठेवला की एखादा ब्लॉक खचतो किंवा तिरपा होतो. खाली जाड, सपाट लाकडी फळी घ्यावी. यांत्रिक पार्किंगच्या लोखंडी तक्त्यावर मोटार उचलण्याचा विचारही करू नये. रस्त्याच्या कडेला चाक काढून बसणे इतरांना धोक्याचे, शिवाय वाहन धोकादायक स्थितीत उभे करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ नुसार मनाई आहे.

पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर लावावी आणि पहिला गिअर टाकून ठेवावा. मोटार उचलल्यावर तिचा भार जॅकवर न ठेवता लोखंडी घोडीवर घ्यावा. विटा रचून आधार देण्याची सवय सर्वत्र दिसते. ती सोडलेली बरी. वीट तडकण्यापूर्वी सूचना देत नाही.

ड्रम उतरवणे

मोटार जमिनीवर आणि हँडब्रेक ओढलेला असतानाच चाकाचे नट थोडे ढिले करावेत. मधली टोपी काढून स्प्लिट पिन ओढावी आणि किल्ल्याच्या तटासारख्या खाचा असलेला मोठा 'कॅसल' नट लांब दांड्याच्या पान्याने सैल करावा. वर्षानुवर्षे न सुटलेल्या नटासाठी लागणारा जोर उचललेल्या मोटारीवर लावणे धोक्याचे असते. यानंतर मोटार उचलून घोडीवर ठेवावी, चाक काढावे, हँडब्रेक सोडावा. ड्रम हाताने निघाला नाही तर पुलर लावावा; कडेवर हातोडीचे जोरदार घाव घातल्यास ओतीव लोखंडाला तडा जातो. आतली धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या ब्रेक शूजमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसावी.

ड्रम लाकडी ठोकळ्यांवर ठेवावा. जुने बेअरिंग कोणत्या तोंडाने बसले होते, सीलची बाजू कुठे होती, हे आधी पाहून घ्यावे. मोबाइलवर छायाचित्र काढणे सर्वांत उत्तम. मधला स्पेसर किंचित बाजूला सारून पंचाचे टोक पलीकडच्या बेअरिंगच्या आतल्या कडीवर टेकवावे आणि गोल फिरत हलके ठोके द्यावेत. एकाच बाजूने ठोकले की बेअरिंग तिरपे होऊन अडकते आणि त्याची जागा ओरखडते. एक निघाले की स्पेसर बाहेर येतो, मग ड्रम उलटून दुसरे काढावे. कधी कधी आतली कडी स्पिंडलवरच चिकटून राहते. तिला पुलरच हवा.

घाव कोणत्या कडीवर

नवे बेअरिंग बसवताना नवशिक्याची सर्वांत महागडी चूक होते. ड्रममध्ये घट्ट बसायची असते ती बाहेरची कडी, म्हणून घाव केवळ बाहेरच्या कडीवरच पडला पाहिजे. आतल्या कडीवर ठोकले, तर प्रत्येक घाव गोळ्यांमधून बाहेरच्या कडीपर्यंत जातो आणि तिच्या आरशासारख्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म खळगे पडतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण थोड्याच दिवसांत तीच घरघर परत येते आणि दोष नव्या मालावर ढकलला जातो. जुने बेअरिंग काढताना आतल्या कडीवर मारलेले चालते, कारण ते टाकूनच द्यायचे असते.

ठोकण्यासाठी बाहेरच्या कडीच्या मापाचे मोठे सॉकेट किंवा जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी वापरता येते. नवे बेअरिंग प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये तासभर ठेवले आणि ड्रम उन्हात तापवला, तर काम पुष्कळ सुकर होते. ठोक्याचा आवाज बदलून भरीव झाला, की बेअरिंग तळाला टेकले असे समजावे. पहिले बेअरिंग, मग ग्रीस, मग स्पेसर, मग दुसरे. स्पेसर विसरला तर नट आवळताच दोन्ही बेअरिंगच्या आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, गोळ्या कोंडतात आणि चाक काही किलोमीटरांतच तापते. दोन्ही बाजूंनी सीलबंद असलेले बेअरिंग रॉकेलमध्ये धुवू नये. त्याचे ग्रीस कारखान्यातच भरलेले असते.

नटाचा हिशेब

बॉल बेअरिंग आणि स्पेसरच्या मांडणीत नट कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाइतका, टॉर्क रेंचनेच आवळावा आणि नवी स्प्लिट पिन लावावी. निमुळत्या रोलरचे याच्या नेमके उलट. तेथे चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, रोलर जागी बसले की किंचित सैल सोडायचा आणि जेमतेम जाणवेल एवढीच मोकळीक ठेवून कुलूपबंद करायचा. एका प्रकारचा नियम दुसऱ्याला लावला, तर निमुळते बेअरिंग जळते किंवा बॉल बेअरिंगचे चाक डुगडुगत राहते. पुढच्या चाकाच्या ड्राइव्ह शाफ्टचा नट पुरता आवळल्याशिवाय मोटारीचा भार त्या चाकावर येऊ देऊ नये, इंचभरही ढकलू नये; आतल्या कड्यांना तोच नट धरून ठेवतो.

२०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाल्याने आणखी एक काळजी आली. अनेक बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय कडे असते आणि सेन्सर त्यावरून चाकाचा वेग मोजतो. ती बाजू सेन्सरकडेच हवी. उलट बसल्यास चाक नीट फिरते, मात्र डॅशबोर्डवरील एबीएसचा दिवा पेटून राहतो आणि सारे काम पुन्हा करावे लागते. अशी बेअरिंग चुंबक असलेल्या ट्रेमध्ये किंवा स्पीकरजवळ ठेवू नयेत.

जोडणी झाल्यावर ब्रेक शूज समायोजित करावेत, त्यांना ग्रीसचा डाग लागला नसल्याची खात्री करावी, ब्रेक पेडल काही वेळा दाबून पाहावे आणि मगच आवाराबाहेर पडावे. पहिली फेरी वर्दळ नसलेल्या पहाटे, दादर चौपाटीपर्यंत कमी वेगाने पुरेशी आहे. परतल्यावर दोन्ही मागच्या ड्रमच्या जवळ हाताचा तळवा नेऊन उष्णता ताडून पाहावी. नव्या बेअरिंगची बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे गरम असेल, तर नट, स्पेसर किंवा घासणारा ब्रेक यांपैकी काहीतरी चुकले आहे आणि ड्रम पुन्हा उतरवावा लागणार. दोन्ही बाजू सारख्या असल्या, तर ५० किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत आणि मगच सागरी सेतूकडे वळावे.