कात्री कुणाची? रामसे भयपट आणि 'स्वस्तपणा'चा इतिहास

रामसे बंधूंच्या भयपटांवर पीएचडी करते आहे म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी हसू येतं. मग रबरी मुखवटे, निळा प्रकाश, धूर, एका शॉटमध्ये रात्र आणि लगेच पुढच्यात संध्याकाळ, अशी यादी ऐकवली जाते. हे हसू मला कळतं. मी आधी या सिनेमांची चाहती होते, अभ्यास नंतर सुरू झाला. पण हसणारा प्रेक्षक, प्रेमाने पाहणारा चाहता आणि गंभीर अभ्यासक, तिघंही एक गोष्ट न तपासता धरून चालतात: पडद्यावर जे स्वस्त दिसतंय, ते स्वस्तात बनवलं म्हणूनच तसं दिसतंय. माझं म्हणणं असं की त्यातला बराचसा स्वस्तपणा सिनेमा तयार झाल्यावर, दुसऱ्याच लोकांच्या हातून आलेला असतो. आणि तो वेगळा काढल्याशिवाय या सिनेमांचा इतिहास लिहायला घेऊ नये.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. फतेहचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. 'रामसे' हे नाव तिथल्या इंग्रज गिऱ्हाइकांच्या तोंडी तयार झालं असं सांगतात. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं, लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटलं आणि सिनेमात पैसा घातला. भगतसिंगांवर एक चित्रपट झाला (1954), मग 'रुस्तम सोहराब' (1963), मग 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' (1970). शेवटच्या दोन्हींचे दिग्दर्शक कोण? 'रणांगण'वाले विश्राम बेडेकर! मराठी साहित्याच्या वर्गात हे कुणी सांगत नाही. असो.

1970चा सिनेमा पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक वेष करून चोरी करायला जातात तो एक प्रसंग होता, आणि प्रेक्षक तेवढ्यासाठीच येतात हे तुलसी आणि श्याम या भावांनी थिएटरात बसून पाहिलं. तिथून भयपटाची कल्पना निघाली. ही गोष्ट कुटुंबातल्या मंडळींनी असंख्य मुलाखतींत सांगितली आहे आणि ती आता इतिहास म्हणूनच छापली जाते. तशीच दुसरी गोष्ट 'दो गज जमीन के नीचे'ची (1972). महाबळेश्वरला सगळं कुटुंब जाऊन राहिलं, साधारण चाळीस दिवसांत आणि साडेतीन लाखांत सिनेमा झाला, एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, एक संकलनावर, आणि स्वयंपाक घरच्याच बायकांनी केला.

या गोष्टी खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. पण त्या कधी सांगितल्या गेल्या ते बघा. बहुतेक मुलाखती भयपट चालल्यानंतरच्या, काही तर कितीतरी वर्षांनंतरच्या आहेत. 'आम्ही किती कमी पैशांत केलं' ही तोवर कुटुंबाची ओळख झालेली होती, थोडीफार जाहिरातही. साडेतीन लाख हा आकडा वापरायचा तर 'कुटुंबाच्या सांगण्यानुसार' हे दोन शब्द सोडू नका. आणि 'घरच्या बायकांनी स्वयंपाक केला' हे वाक्य गंमत म्हणून पुढे ढकलण्याआधी थांबा. ते बजेटमधलं न मांडलेलं श्रममूल्य आहे. चाळीस दिवस युनिटला जेवू घालणं फुकट पडलं, कारण त्याचा पगार कुणाला द्यावा लागला नाही. माझ्या मते या सिनेमांच्या अर्थकारणावर एक चांगला प्रबंध याच वाक्यापासून सुरू होऊ शकतो.

आता प्रत्यक्ष सिनेमाकडे. 'पुराना मंदिर' (1984) घ्या. सामरी नावाचा सैतान, राजा त्याचं डोकं धडावेगळं करतो, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली जातात, आणि मरताना सामरी राजघराण्याला शाप देतो की तुमच्या बायका बाळंतपणात मरतील. चाहत्यांमध्ये एक लाडका सिद्धांत आहे: पैसे कमी असतील तर भूत दाखवू नये, सावलीवर काम भागवावं. त्यासाठी 1942चा अमेरिकन 'कॅट पीपल' हमखास पुढे केला जातो. तिथे निर्माता व्हॅल ल्यूटनने बिबट्यापेक्षा अंधार आणि आवाज जास्त वापरले. एका मोकळ्या रस्त्यावर अचानक येऊन थांबणाऱ्या बसचा आवाज आजही दचकवतो. या मापाने मोजलं की रामसे अडाणी ठरतात, कारण ते सामरीला सरळ समोर आणून, प्रकाश टाकून उभा करतात.

मला हे माप लावणंच चुकीचं वाटतं. हिंदीत 'महल'पासून (1949) 'बीस साल बाद' (1962), 'वो कौन थी' (1964) पर्यंत सावल्या, पांढरी साडी आणि दुरून येणारं गाणं हे सगळं भरपूर होऊन गेलं होतं, आणि शेवटी भूत नव्हतंच असा खुलासाही. रामसेंनी विकायला काढलं ते न टळणारं, खरंखुरं भूत. ते दाखवावंच लागणार. आणि दाखवायला त्यांच्याकडे अजय अगरवाल होते. स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला हा उंच, लांबोड्या चेहऱ्याचा माणूस हीच त्यांची विशेष दृश्यं. तोच चेहरा 'बंद दरवाजा'मध्ये (1990) ड्रॅक्युलाच्या वळणाचा नेवला होतो, आणि शेखर कपूरच्या 'बँडिट क्वीन'मध्ये मुखवट्याशिवाय बाबू गुज्जर होऊन त्याहून जास्त भीती घालतो. म्हणजे सामरीला उजेडात आणणं हा हिशेबाने घेतलेला निर्णय होता. त्याला ढिसाळपणा म्हणून मोकळं होता येत नाही.

जगदीप यांच्या 'शोले'छाप विनोदी तुकड्यांबद्दलही तेच. चाहते तो भाग पुढे ढकलतात. मीही ढकलत असे, अजूनही हात तिकडे जातोच. पण लहान गावातल्या थिएटरमालकाला अडीच तासांचा 'पूर्ण' सिनेमा हवा असतो, ज्यात गाणी, मारामारी, विनोद सगळं आहे. तो तुकडा त्या बाजारासाठी आहे. मल्टिप्लेक्समध्ये वाढलेल्या माणसाने त्याला 'अनावश्यक' म्हणणं म्हणजे उडुप्याच्या हॉटेलात बसून इडलीबरोबर चटणी का दिली असं विचारणं.

आता कात्रीकडे येते. रामसेंच्या सिनेमात खुनाचा प्रसंग रंगात आला की अचानक उडी बसते. सुरी वर जाते, आणि पुढच्या क्षणी माणूस जमिनीवर. संगीत मध्येच तुटतं. विद्यार्थ्यांच्या निबंधात मी हमखास वाचते: 'संकलन कच्चं आहे.' थांबा. ही उडी कुणी मारली?

एक संशयित अर्थातच भावांपैकी कुणीतरी, म्हणजे ते दृश्य चित्रित झालंच नव्हतं. दुसरा, सेन्सॉर बोर्ड. तिसरा, गावोगावचा प्रोजेक्टरवाला. प्रिंट तुटली की तो जोडतो, आणि दर जोडणीत काही चौकटी जातात. वीस गावं फिरून आलेली प्रिंट पहिल्या दिवसापेक्षा आखूडच असणार. (उलटंही होतं. काही थिएटरांत मंजूर नसलेले तुकडे मध्ये घातले जात, म्हणजे प्रिंट लांबही व्हायची.) चौथा, व्हिडिओ कंपनी. पाचवा, टीव्ही वाहिनी, कारण 'ए' प्रमाणपत्राचा सिनेमा टीव्हीवर दाखवायचा तर तो पुन्हा कापून 'यूए' करून घ्यावा लागतो. आज नेटवर जी फाइल तुम्ही बघता, ती यांपैकी कुणाच्या हातून आली आहे? हे माहीत नसताना संकलनावर मत देणं म्हणजे पाचव्या झेरॉक्सवरून हस्ताक्षर ओळखण्यासारखं आहे.

सुदैवाने थोडं काम घरबसल्या करता येतं. सिनेमाच्या सुरुवातीला प्रमाणपत्र दिसतं. आपण ते पळवतो. पळवू नका, तिथे थांबवून वाचा. तारीख बघा. सिनेमा 1984चा आणि प्रमाणपत्र पुढच्या दशकांतलं असेल, तर तुमच्या हातात नंतरची आवृत्ती आहे. कोपऱ्यात त्रिकोणाची खूण असेल तर बोर्डाने काटछाट केलेली आहे. आणि लांबी बघा, ती मीटरमध्ये असते. 35 मिमीची फिल्म सेकंदाला 24 चौकटींच्या वेगाने मिनिटाला साधारण 27.4 मीटर धावते. समजा प्रमाणपत्रावर 4000 मीटर लिहिलंय. म्हणजे सुमारे 146 मिनिटं. तुमची फाइल 140 मिनिटांची निघाली तर लगेच 'सहा मिनिटं कापली' असं लिहू नका. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या व्हिडिओत सेकंदाला 25 चौकटी जातात, म्हणून तोच सिनेमा काही न कापता 140 मिनिटांत संपतो. पण फाइल 125 मिनिटांची असेल, तर मधली पंधरा मिनिटं प्रमाणपत्र मिळाल्यानंतर कुणीतरी काढली आहेत. त्याचा दोष दिग्दर्शकावर टाकता येणार नाही, सेन्सॉरवरही नाही. एका गुणाकारात दोन संशयित सुटतात!

सेन्सॉरने काय कापलं याचा माग राजपत्रात लागतो. त्या काळात मंजूर चित्रपटांची काटछाट भारताच्या राजपत्रात छापली जात असे. कार्तिक नायर यांनी रामसेंवरच्या आपल्या संशोधनात या नोंदींना केवढं महत्त्व दिलंय ते जरूर वाचा. सरकारी भाषेतल्या त्या रुक्ष ओळींत कुठला हात, कुठला घाव, किती रक्त गेलं याचं वर्णन असतं. गंमत म्हणजे भयपटाचं सगळ्यात बारकाईने केलेलं प्रेक्षकवर्णन बऱ्याचदा तेच असतं, कारण कापणाऱ्याला दृश्य पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. त्याला चाहता म्हणता येणार नाही, पण सवय तीच.

इथे चाहत्यांच्या मतांचा खरा उपयोग होतो. 'कॅसेटवर हा सीन मोठा होता', 'टीव्हीवर हा भाग नव्हता' असं कुणी ठामपणे सांगतं तेव्हा ते मत राहत नाही, वेगळ्या आवृत्तीची साक्ष होते. ती तपासायची. परदेशी कंपनीने काढलेली डीव्हीडी ('पुराना मंदिर' आणि 'बंद दरवाजा' 2006मध्ये मोंडो मकाब्रोने एकत्र काढले) आणि नेटवरची फाइल शेजारी लावून बघायची. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जाऊन पुस्तिका आणि पोस्टर बघायची. पुस्तिकेत छापलेलं गाणं तुमच्या फाइलमध्ये नसेल, तर पुन्हा तोच प्रश्न. स्थळांचंही तसंच. हे लोक सेट उभारण्याऐवजी खऱ्या वास्तू भाड्याने घेत, मुरुडचा जंजिऱ्याच्या नबाबांचा राजवाडा त्यांतलाच. रायगडातल्या एखाद्या विद्यार्थ्याने कमानी आणि जिने ओळखून कुठलं दृश्य कुठे झालं याचा नकाशा केला, तर तो कुठल्याही मुलाखतीपेक्षा भक्कम पुरावा ठरेल.

टीव्हीबद्दल माझं मत चाहत्यांना आवडत नाही. झी टीव्ही ऑक्टोबर 1992मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी तुलसी-श्याम यांचा 'झी हॉरर शो' आला. मला त्यातल्या सुरुवातीच्या कथा त्यांच्या शेवटच्या सिनेमांपेक्षा चांगल्या वाटतात. कारण भूत नव्हे, वेळापत्रक. 'दस्तक'सारखी कथा आठवड्याला एक असे अनेक भाग चालते, विनोदी तुकड्याला जागा उरत नाही, आणि दार उघडण्याआधी जाहिरात येते. छोट्या, धूसर पडद्यावर मुखवट्याची शिवण दिसत नाही. जे मोठ्या पडद्यावर हसवत होतं ते चौदा-एकवीस इंची डब्यावर घाबरवू लागलं. 1995मध्ये सोनीवर बी. पी. सिंगांची 'आहट' आली ती वेगळ्या वळणाची. सिंग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायाचित्रण शिकलेले, मराठीत 'एक शून्य शून्य' केलेले. 'आहट'मध्ये भूतसुद्धा पंचनामा केल्यासारखं उलगडतं, ते या पोलिसी सवयीतून आलं असं मला वाटतं. तुलना करायची असेल तर दोन्हींचे पहिल्या दोन वर्षांतले भाग घ्या. पुढे दोन्ही मालिका आपल्याच युक्त्या घोकायला लागतात.

पण हे भाग आज सापडतात ते कसे? स्वच्छ करून, जाहिराती काढून, 'मागील भागात' गाळून, कधी चार भाग सलग चिकटवून. म्हणजे जिच्यामुळे भीती वाटायची ती थांबण्याची जागाच गेली, आणि मग नवा प्रेक्षक म्हणतो की फार संथ आहे बुवा. म्हणून कुणाच्या घरी, माळ्यावर, त्या काळात रेकॉर्ड केलेली व्हीएचएस असेल, मध्ये साबणाच्या जाहिराती आणि कोपऱ्यात केबलवाल्याची पट्टी असलेली, तर माझ्या दृष्टीने ती चकचकीत अपलोडपेक्षा मोलाची. बुरशी लागण्याआधी ती डिजिटल करून घ्या, कॅसेटच्या पाठीवर पेनाने लिहिलेली तारीख आणि वार उतरवून ठेवा, आणि जाहिराती अजिबात कापू नका.