स्मरणिकेत नसलेला बँड

माझे मामा फोर्टातल्या एका छापखान्यात नोकरीला होते आणि काम सुटल्यावर चॅरिटी शोच्या स्मरणिकांसाठी जाहिराती गोळा करत. गाण्यातलं त्यांना बऱ्यापैकी कळायचं, सी. रामचंद्रांवर तर भक्तीच होती. पण मैफल कुणाचीही असो, ते आधी तिच्या हिशेबाकडे बघत. तिकिटांतून हॉलचं भाडं आणि चहापाणी निघतं, हॉस्पिटलला किंवा अनाथाश्रमाला जो चेक जातो तो स्मरणिकेतून निघतो, हे त्यांनी आम्हा भाचरांना पाढ्यासारखं घोकवलं होतं. मलपृष्ठ साबणवाल्याचं, आतलं कव्हर बँकेचं, मग पूर्ण पान, अर्धं पान, पाव पान. आणि ज्याला काहीच विकायचं नाही त्याची ‘एका हितचिंतकाकडून’ अशी एक ओळ. शिवाय मुंबईत १९२३ सालापासून करमणूक कराचा कायदा होता, आणि मिळकत धर्मादाय कामाला जाणार असेल तर त्यातून सूट मिळे. म्हणजे या शहराच्या दानशूरपणाला सरकारनंही थोडा हातभार लावलेला होता, असं मामा मिश्कीलपणे सांगत.

गिरगावात, खोताच्या वाडीला लागूनच्या चाळीत मामांच्या बरोबर खालच्या खोलीत अंकल राहत. बार्देशातल्या हळदोण्याचे. ट्रंपेट वाजवत, आणि स्वतःची ओळख करून देताना ‘सेकंड ट्रंपेट’ असंच सांगत, उगाच पहिला म्हणून मिरवत नसत. मामांनी ज्या कार्यक्रमांच्या स्मरणिका काढल्या त्यांतल्या कित्येक रात्री अंकल स्टेजवर होते. स्मरणिकेत मात्र ते नाहीत. मामांच्या ट्रंकेतले ते गठ्ठे मी नंतर चाळले आहेत. प्रमुख पाहुण्यांचा फोटो आहे, समितीतल्या बायकांची यादी आहे (तीही नवऱ्यांच्या नावांनी), केक कुणी दिला आणि फुलं कुणी दिली तेही आहे. वाजवणाऱ्यांपैकी फक्त बँडलीडरचं नाव, आणि पुढे ‘आणि त्यांचा ऑर्केस्ट्रा’. त्या तीन शब्दांत दहा-बारा माणसं गडप झालेली. त्यामुळे मुंबईतल्या जॅझचा इतिहास मला कळला तो या दोन म्हाताऱ्यांच्या तोंडून, आणि त्यांचं एकमेकांशी क्वचितच पटे.

अंकलांची गोष्ट सुरू व्हायची ताजपासून. १९३५ साली लिऑन ॲबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. अंकल तेव्हा गावात होते, हाफपँटीत. ही हकिगत त्यांना त्यांच्या काकांनी सांगितलेली, म्हणजे माझ्यापर्यंत ती तिसऱ्या तोंडून आली. काका आणि त्यांचे दोस्त अपोलो बंदरच्या कठड्यावर बसून हॉटेलातून येईल तेवढं ऐकत. समुद्राचा वारा फिरला की अर्धं गाणं गायब! ॲबीनंतर क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड हे मोठे वादक ताजमध्ये वाजवू लागले. गोऱ्या साहेबांच्या करमणुकीसाठी आणलेल्या या माणसांनी शिकवून सोडलं ते आमच्या लोकांना, असं अंकल म्हणत.

शिकण्यासारखं होतं काय? वाचनात तर गोंयकार पोरं कुणाला हार जाणारी नव्हती. चर्चच्या शाळेत मेस्त हातात व्हायोलिन द्यायच्या आधी सोल्फा गिरवून घेई, चुकलं की छडी. कागद समोर ठेवा, वाल्ट्झ असो की मास, पोरगं पहिल्याच फटक्यात वाजवून दाखवणार. पंचाईत व्हायची कागद संपल्यावर. जॅझमध्ये मधले सोळा-बत्तीस बार कोरेच असतात, ते ज्याचे त्यानं भरायचे. ‘कितें सांगूं तुका,’ अंकल म्हणत, ‘पहिल्यांदा सोलोला उभा राहिलो तेव्हा मी चर्चमधली लदीन वाजवली असती तर बरं झालं असतं.’ मग रेकॉर्डी घासून घासून ऐकायच्या, आर्मस्ट्राँगचा एखादा सोलो कागदावर उतरवून घ्यायचा, पाठ करायचा आणि तो सुचल्यासारखा वाजवायचा. हळूहळू खरंच सुचायला लागे.

हळदोण्याचाच एक जण त्यात सगळ्यांच्या पुढे गेला. आंतोनियो शावियर वाझ, जन्म १९१६. जग त्याला चिक चॉकलेट म्हणून ओळखतं. हातात पांढरा रुमाल, घोगऱ्या आवाजात गाणं, सगळी ऐट आर्मस्ट्राँगची. अंकल त्याच्याबद्दल बोलताना गाववाल्याच्या अभिमानानं बोलत आणि मध्येच ‘पण वाचायला मी बरा होतो’ असं घुसडून देत.

मामांच्या गणितात न बसणारी एक संस्था या सगळ्यांच्या पाठीशी होती: कूड. धोबी तलाव, डाबुल, माझगाव भागात गोव्याच्या एकेका गावानं भाड्यानं घेतलेली ही खोली. बोटीवर जाणारा खलाशी, आचारी, शिंपी, वाजवणारा, ज्याला मुंबईत घर नाही त्यानं इथं उतरायचं. प्रत्येकाची पेटी भिंतीला लावलेली, तिच्यावर किंवा तिच्या बाजूला वळकटी. समोर गावच्या सांताचं आल्तार, संध्याकाळी तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना; चुकवला तर दंड. महिन्याची वर्गणी अगदी किरकोळ. पण त्या वर्गणीतून गावच्या फेस्ताला पैसे जात, आजारी माणसाला घरी पाठवलं जाई, आणि कुणी इथंच गेला तर त्याला धड पेटीतून मूठमाती मिळे. रात्री दोनला हॉटेलातून सुटलेला वादक, काळा सूट आणि बो टाय घातलेला, वाद्याची केस छातीशी धरून झोपलेल्यांच्या पायांमधून वाट काढत आपल्या पेटीशी यायचा. तोच सूट कधी दुसऱ्या कुडीतल्या मित्राला उसना जायचा. अंकल अनेक वर्षं असे राहिले. लग्न झाल्यावरच चाळीत आले.

कुडीची वर्गणी आणि समितीवाल्यांचा चॅरिटी बॉल, दोन्ही दानधर्मच. मला स्वतःला पहिला जास्त सच्चा वाटतो, हे इथंच सांगून टाकतो. मामांना हे मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, हॉस्पिटलची खाट कुडीच्या चार आण्यांनी येत नाही.

महायुद्धाच्या वर्षांत मामा आणि अंकल दोघांनाही भरपूर काम होतं. शहर गोऱ्या शिपायांनी भरलेलं, युद्धनिधीसाठी नाच, रेड क्रॉससाठी नाच. ताजच्या शेजारी, आज जिथे ताजचा टॉवर आहे तिथे, ग्रीन्स हॉटेल होतं, तिथंही बँड. वेदरफर्ड तोवर कलकत्त्याला गेला होता. तिथल्या बँडमध्ये त्यानं इथल्या वादकांनाही घेतलं आणि १९४५ मध्ये कॉलऱ्यानं तिथंच मेला. ही बातमी आली त्या दिवशी आपण कुठे होतो हे अंकल, गांधीजी गेले तेव्हा आपण कुठे होतो हे लोक सांगतात तसं सांगत.

धर्मादाय कार्यक्रमांत वाजवायचं तर दर अर्धा, असा रिवाज होता. समितीच्या बाई गोड बोलून सांगत की, हे पुण्याचं काम आहे. बँडलीडर मान डोलावे, कारण त्याच बाईंच्या ओळखीनं हिवाळ्यात लग्नाची आणि क्लबांची कामं मिळत. अंकलांचा राग एवढाच होता की, वेटरला कुणी अर्धा पगार घे म्हणून सांगत नसे आणि छापखान्याला अर्धं बिल लाव म्हणूनही नाही. हे वाक्य ते जिन्याकडे तोंड करून जरा मोठ्यानं म्हणत. वरून मामांचा खाकरल्याचा आवाज येई.

मग स्वातंत्र्य आलं आणि पाठोपाठ दारूबंदी. १९४९ चा कायदा लागू झाला आणि हॉटेलवाल्यांचं कंबरडं मोडलं. नाचायला लोक येत, पण लिंबू सरबतावर कुणी किती वेळ नाचणार? बँड लहान झाले, काही उठलेच. दारूबंदीवाल्या मोरारजीभाईंनी आपल्याला सिनेमात घातलं, असं अंकल म्हणत ते अगदीच खोटं नाही. दादर, ताडदेव, महालक्ष्मीच्या स्टुडिओंत वाचून वाजवणाऱ्या माणसांची गरज होतीच, आणि शिफ्ट संपली की पैसे हातात. लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारे सॅबॅस्टियन डिसूझा फाळणीत इकडे आले आणि शंकर-जयकिशनचे अरेंजर झाले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना गायला लावलं. त्यांचा शिष्य प्यारेलाल. ‘अमर अकबर अँथनी’तलं ते नाव आलं ते या गुरूचं. आणि चिक चॉकलेट सी. रामचंद्रांकडे. मामा आणि अंकल यांची दोस्ती जुळली ती इथं. १९५१ चा ‘अलबेला’ मामांनी किती वेळा पाहिला याची त्यांनाच मोजदाद नव्हती. भगवानदादांच्या मागे झालरीच्या बाह्या घालून वाजवणारा तो बँड म्हणजे चिक आणि त्याची माणसं. ‘अलबेला’तली गाणी मामा आपल्या अण्णांची, म्हणजे सी. रामचंद्रांची म्हणत, अंकल आपल्या गाववाल्याची. पडद्यावरच्या नामावळीतही वाजवणाऱ्यांची नावं नसत, हे सांगायला नकोच.

चर्चगेटच्या हॉटेलांचा काळ मी ऐकला तो धावता. वीर नरिमन रोडवर एका रांगेत बँड, क्रिस पेरीचं ट्रंपेट आणि लोर्नाचा आवाज, अम्बॅसॅडरमध्ये टोनी पिंटोचा पियानो, रविवारी सकाळी कोल्ड कॉफीवर कॉलेजच्या पोरांची जॅम सेशन्स. अंकलांचं वय झालं होतं, ते तिथं बदली म्हणून जात. अमेरिकन सरकार तेव्हा आपले वादक जगभर पाठवत होतं. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक मुंबईत आला आणि सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर बसून वाजवून गेला, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन. तिकीट मिळालं की नाही यावर अंकलांची उत्तरं दर वेळी बदलत.

१९७८ च्या फेब्रुवारीत मात्र मी स्वतः त्यांच्याबरोबर होतो. निरंजन झवेरी आणि त्यांच्या ‘जॅझ इंडिया’च्या मंडळींनी पहिली जॅझ यात्रा भरवली, धोबी तलावच्या रंगभवनात. झवेरी हे जुने वेडे. १९५२ मध्येच त्यांनी ‘ब्लू रिदम’ नावाचं जॅझला वाहिलेलं मासिक काढण्यात भाग घेतला होता. उघड्या आभाळाखाली सॉनी रॉलिन्स वाजवत होता, जो दहा वर्षांपूर्वी पवईच्या आश्रमात वेदान्त शिकायला येऊन राहिला होता. मी सॅक्सोफोन ऐकत होतो. अंकल वाट बघत होते ती भलत्याच गोष्टीची. जॅझचा रिवाज असा की, गाणं संपलं की लीडर एकेकाकडे हात करून नाव घेतो: बासवर अमुक, ड्रमवर तमुक. प्रत्येक बँडनंतर अंकल ती नावं स्वतःशी पुटपुटत. ‘बघ,’ म्हणाले, ‘सगळ्यांची घेतात.’ पुढे आवाजाच्या नियमांत रंगभवन शांतता क्षेत्रात सापडलं, तिथली मैफल थांबली. शेजारी इस्पितळं आणि कॉलेज असताना ते चूक आहे असंही म्हणवत नाही.

जॅझ यात्रेच्या आधीची एक गोष्ट सांगायची राहिली. चिक चॉकलेट १९६७ मध्ये गेला, पन्नाशी नुकतीच ओलांडून. त्याच सुमारास अंकलांच्या कुडीतल्या एका जुन्या साथीदाराचे पुढचे दात गेले. ट्रंपेटवाल्याचे दात म्हणजे त्याचा धंदा; ओठाला टेकू राहत नाही, वरचे सूर फुटतात. त्यानं कुणाकडे मागितलं नाही. अंकल जिना चढून मामांकडे आले.

त्या साथीदाराच्या मदतीसाठी एक कार्यक्रम ठरला, आणि मामांनी त्याची स्मरणिका काढली. नेहमीच्या जाहिरातदारांकडे गेले, तर पहिला प्रश्न प्रमुख पाहुणे कोण हा. पाहुणे नव्हतेच. साबणवाल्यानं हात वर केले, बँकेनं पुढच्या वर्षी बघू म्हटलं. एका इराण्यानं पाव पान घेतलं, वाद्यं दुरुस्त करणाऱ्यानं अर्धं, आणि बाकी पानांवर छापायला काही उरलं नाही म्हणून मामांनी तिथं वादकांची नावं घातली: वाद्य, नाव, गाव. नाव, गाव छापलेलं बघून काही जणांनी गावाला पाठवायला म्हणून त्या स्मरणिकेच्या चार-चार प्रती विकत घेतल्या, आणि मामांच्या आयुष्यात पहिल्यांदाच जाहिरातींपेक्षा प्रतींवर जास्त पैसे मिळाले. हॉल चर्चनं फुकट दिला. आंटीनं आणि तिच्या बहिणींनी सोरपोतेल केलं, हाउजी झाली, तीन बँड मिळून वाजले आणि अर्धा दर कुणी मागितला नाही कारण दरच नव्हता.

शेवटी रॅफल होतं. पहिलं बक्षीस ट्रान्झिस्टर, आणि तो लागला नेमका त्या दात गेलेल्या माणसाच्या बायकोला. हॉलमध्ये हशा आणि टाळ्या. मामा शेवटपर्यंत शपथेवर सांगत की, चिठ्ठी मी काढली, डोळे मिटून काढली, त्यात काही काळंबेरं नव्हतं.

अंकल म्हणत, ‘बरोबर आहे त्याचं. पण चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या.’