बाटली कोण धुतं?

नेपरव्हिल म्हटलं की शिकागोच्या पश्चिमेचं, भरपूर देशी कुटुंबं असलेलं उपनगर आठवतं. पण बिअरच्या इतिहासातही या गावाला एक छोटीशी जागा आहे. इथे जॉन स्टेंगरची ब्रुअरी होती आणि १८६९ ते १८७२ या काळात तिथला फोरमन होता जर्मनीहून आलेला एक तरुण, अॅडॉल्फ कूर्स. हो, तोच कूर्स! नेपरव्हिल सोडून तो डेन्व्हरला गेला आणि तिथे त्याने आधी विकत घेतली ती बाटल्या भरण्याच्या धंद्यातली भागीदारी. स्वतःची ब्रुअरी आली त्यानंतर, १८७३ मध्ये.

तेव्हा बिअर बनवणं आणि ती बाटलीत भरणं हे दोन वेगळे धंदे होते. कर पिंपावर होता, म्हणून ब्रुअरीच्या आवारात बाटल्या भरायला कायद्याने मनाई होती. ब्रुअरीतून बाटलीघरापर्यंत थेट नळ टाकायची परवानगी मिळाली १८९० मध्ये. काच हाताने फुंकलेली, त्यामुळे महाग. साहजिकच बाटली परत येई, धुतली जाई, पुन्हा भरली जाई. गरम पाणी, कॉस्टिक सोडा, ब्रश, कधी आत शिशाचे छर्रे टाकून खळखळवणं (शिसं पोटात जाण्याची सोय यातच झाली!). मालकांची चरित्रं सापडतात, पण धुणारे हात कुणी नोंदवले नाहीत.

आणि ही सगळी धुलाई डोळ्यांना दिसणाऱ्या घाणीची होती. लुई पाश्चरचं बिअरवरचं पुस्तक आलं १८७६ मध्ये, म्हणजे कूर्सने नेपरव्हिल सोडल्यानंतर चार वर्षांनी. बिअर आंबट होते ती सूक्ष्मजीवांमुळे, हे त्यात प्रयोगांनी मांडलं होतं. तेव्हापासून साफ करणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं ठरली. खरं तर आपल्या आज्यांना हा फरक कळत होता. लोणच्याची बरणी आधी घासून उन्हात कडक वाळवायची आणि मगच हिंगाची धुरी द्यायची. खरकट्या बरणीला कुणी धुरी देत नसे.

दारूबंदीच्या काळात (१९२० ते १९३३) अमेरिकेत घरोघरी बिअर बनू लागली, आणि तळघरात बाटल्या फुटू लागल्या. साखर जास्त पडली की बाटली फुटायची, तसंच धुताना राहिलेले जंगली यीस्ट उरलेली साखर खात बसले तरीही. बंदी उठली तरी घरगुती बिअरला केंद्रीय कायद्याची मान्यता मिळायला १९७८ उजाडलं, कार्टर यांची सही होईपर्यंत. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन.

नेपरव्हिलच्या एका मराठी मित्राच्या गॅरेजमध्ये मी हे काम पाहिलं. पाच गॅलनच्या बॅचला साधारण पन्नास बाटल्या लागतात. त्या शेजारीपाजारी मागून आणलेल्या. तपकिरी, कारण उजेडाने बिअरला वास येतो. आणि फिरकीच्या झाकणाच्या नकोत, कारण त्यांवर बूच नीट बसत नाही. ऑक्सिजनवाल्या पावडरीच्या गरम पाण्यात रात्रभर भिजवल्या की लेबलं आपोआप सुटतात. मग प्रत्येक बाटली दिव्यासमोर धरून तळ बघायचा. तिथे वाळलेल्या यीस्टचं कडं दिसलं तर ब्रश. यात चुकारपणा केला तर पुढचं सगळं वाया, कारण त्या थराखाली जंतुनाशक पोचतच नाही. शेवटी फॉस्फोरिक आम्लाच्या फेसाळ द्रावणात एक-दोन मिनिटं, आणि न धुता भरायचं. “फेस राहू दे रे, काही होत नाही,” तो मला म्हणाला. ब्लीच मात्र नीट खळबळून काढावं लागतं, नाहीतर बिअरला दवाखान्याचा वास येतो.

गंमत बघा. इलिनॉयमध्ये बाटलीवर अनामत घेण्याचा कायदा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅन आणि फेकायच्या बाटल्या सगळीकडे पसरल्या, आणि परत येणारी बाटली अमेरिकेच्या बाजारातून जवळजवळ गेलीच. ती उरली अशा गॅरेजांमध्ये. महाराष्ट्रात उलट आहे. परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं बेकायदा, पण ६५० मिलीची रिकामी बाटली भंगारवाल्याकडून फिरत फिरत पुन्हा कारखान्यात जाते. तिथे ती यंत्रात धुतली जाते. त्याआधी ती पोत्यातून उपसून, फुटक्या वेगळ्या करून, रंगाप्रमाणे लावणारी माणसं असतात, आणि त्यांची नावं आजही कुठे लिहिलेली नसतात.