वाळूतलं जग

श्रोतेहो, दिवाळीचा किल्ला आपल्यापैकी पुष्कळांनी केला असेल. दगड-विटा रचायच्या, वर ओलं पोतं, पोत्यावर मातीचा लेप, हळीव पेरून केलेली शेतं, आणि मग चित्रं मांडायची. वर सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे. पण नीट पाहिलंत तर पायथ्याशी पत्र्याची मोटारही उभी असते, आणि गुहेतला वाघ मावळ्यांच्या दुप्पट असतो! आपण मोठी माणसं हसतो आणि पुढे जातो. लंडनमध्ये मुलांच्या अशाच मांडामांडीपाशी एक डॉक्टरीणबाई मात्र थांबल्या. त्यांची ही हकिकत.

मार्गारेट लोवेनफेल्ड हे त्यांचं नाव. जन्म १८९० चा, लंडनचा; वडील मूळचे पोलंडकडचे. बालपण काही सुखाचं नव्हतं. आईवडिलांचं पटेना, शेवटी ते विभक्त झाले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्या डॉक्टर झाल्या आणि युद्ध संपल्यावर पोलंडात गेल्या. तिथे टायफस, म्हणजे उवांमुळे पसरणारा जीवघेणा ताप, थैमान घालीत होता. उपासमार, निर्वासित, युद्धकैदी, सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. इतकं सोसलेली काही मुलं पार मोडून जातात आणि काही पुन्हा उभी राहतात, हे कसं, हा प्रश्न घेऊन त्या परतल्या. माणसाला सोसलेलं सगळं शब्दांत सांगता येत नाही, आणि मुलाला तर नाहीच नाही, हेही त्यांच्या मनात पक्कं झालं.

१९२८ साली त्यांनी उत्तर केन्सिंग्टन भागात दवाखाना उघडला. कोणासाठी? भेदरलेल्या आणि ‘अवघड’ मुलांसाठी. आपण ज्यांना हट्टी, घुमं, द्वाड म्हणून मोकळे होतो, ती ही मुलं. आता अशा मुलाला समोर बसवून ‘तुला काय होतंय रे?’ असं विचारलं तर ते काय सांगणार? ते पायाच्या अंगठ्याने जमीन उकरीत बसणार.

बाईंना एका पुस्तकाची आठवण झाली. एच. जी. वेल्स या लेखकाने १९११ साली, आपल्या दोन मुलांबरोबर जमिनीवर बसून खेळलेल्या खेळांविषयी एक पुस्तक लिहिलं होतं. त्यावरून बाईंनी लहान लहान खेळणी, मणी, रंगीत काड्या, काड्यापेट्या अशा वस्तू एका पेटीत जमविल्या. मुलांनी तिला ‘नवलपेटी’ म्हणायला सुरुवात केली. पुढे १९२९ मध्ये दवाखान्यात जस्ताची दोन तबकं आली. एकात वाळू, दुसरं पाण्याचं. शेजारी खेळण्यांचं कपाट. माणसं, घरं, झाडं, रानटी नि पाळीव जनावरं, गाड्या, पूल, कुंपणं. मुलांनी काय करावं? कपाटातली खेळणी उचलून वाळूत मांडू लागली, आणि त्याला नावही त्यांनीच दिलं: ‘जग’. ही पद्धत बाईंची म्हणून ओळखली जाते. पण बाई स्वतः मात्र तिचं श्रेय मुलांना देत.

त्यांची रीत अशी. मूल जग मांडी. बाई शेजारी बसून पाहत, मांडलेलं कागदावर टिपून घेत. ‘मोटार इथे कशी आली?’ असं म्हणून दुरुस्ती नाही. आम्हा मास्तरमंडळींना इथेच जड जातं, हात शिवशिवतो. कोणी सगळ्या घरांभोवती कुंपण घाली, कोणी एखादं जनावर वाळूत पुरून टाकी. पण एकदा पाहून निदान करायचं नाही. एकामागून एक मांडलेली जगं पाहायची, काय बदलतं ते बघायचं.

यावरून वादही झाला. त्याच लंडनमध्ये मेलनी क्लाइन या विदुषी मुलांचा खेळ पाहून त्याचा दडलेला अर्थ मुलांना सांगत. लोवेनफेल्डबाईंना ही घाई पसंत नव्हती. मुलाने आपला अनुभव आपल्या हातांनी मांडला, यातच बरं होण्याचं निम्मं काम झालं, असा त्यांचा कल. मला स्वतःला बाईंचं पटतं. १९३५ साली त्यांनी बालपणातल्या खेळावर ग्रंथ लिहिला. पुढे डोरा काल्फ या स्विस बाईंनी वाळूची ही पद्धत आपल्या रीतीने वाढवली. त्यांच्या तबकाचा तळ निळा असे. वाळू बाजूला सारली की पाणी दिसावं म्हणून! १९७३ साली लोवेनफेल्डबाई वारल्या.

आपल्याकडेही त्या सुमारास वारं वाहत होतंच. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं, ताराबाई मोडक तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. आणि मुंबईत १९३७ साली टाटांच्या समाजकार्य विद्यालयाने मुलांसाठी मार्गदर्शन-दवाखाना सुरू केला. या मंडळींचा लोवेनफेल्डबाईंशी संबंध होता, असं माझं म्हणणं नाही.

गुरुजी, बाई, तुमच्या वर्गात एखादं मूल बोलत नसेल तर आधी डॉक्टरांकडून त्याचे कान तपासून घ्या. ऐकूच येत नसेल तर बोलणार कसं? वाळूचं तबक म्हणजे उपचार नव्हे, तो जाणत्याच्या हातीच शोभतो. पण खेळायला वाळू द्यायला कोणाची ना नाही. जस्ताचं तबक कशाला, जुनी पाटी किंवा घमेलं चालेल. चार काड्या, चिंचोके, पोळ्याचे मातीचे बैल. वाळू तेवढी चाळून घ्या. नदीच्या वाळूत शिंपल्यांच्या कडा असतात, त्या बोटाला लागतात.