बॉनेटखालची दोन घराणी

जुनी थार किंवा बोलेरो बघायला गेलं की विकणारा आधी टायर दाखवतो, मग सीट कव्हर, मग नवी म्युझिक सिस्टीम. मी आधी आरसी मागतो. चेसिस नंबर, इंजिन नंबर यांच्या आसपास तिथे एक छोटा रकाना असतो, क्युबिक कपॅसिटीचा. त्यात २५२३ असेल तर गाडी एका घराण्यातली, २४९८ असेल तर दुसऱ्या. फरक अवघ्या पंचवीस सीसीचा. पण पहिल्या आकड्याचं मूळ इंग्लंडमध्ये घडलेल्या ट्रॅक्टरच्या इंजिनात आहे आणि दुसऱ्याचं फ्रान्समधल्या मोटारीत. ही दोन्ही इंजिनं ज्या सांगाड्यात येऊन बसली, तो तिसरीकडचाच, अमेरिकी लष्कराचा. सेकंडहँड डिझेल फोर बाय फोर घेणाऱ्याने ही तिन्ही मुळं ओळखून असावं असं मला मनापासून वाटतं. गाडी कुठे दगा देईल आणि कुठे साथ देईल, हे त्यावरूनच उमजतं.

सांगाड्यापासून सुरुवात करू. १९४० साली अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांनी ओढणारी टेहळणी गाडी तातडीने हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने तिचा आराखडा केला आणि त्या सप्टेंबरात पहिली गाडी लष्कराच्या हाती पडली. मोठं कंत्राट मात्र विलीज कंपनीला गेलं, पुढे फोर्डलाही. दोघांनी मिळून युद्धसमाप्तीपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. त्यातल्या कितीतरी आसाम आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी भारतात उतरल्या. युद्ध संपल्यावर त्या परत नेण्यात कोणाला रस नव्हता, आणि डिस्पोजलच्या मालात त्या इथेच विकल्या गेल्या. म्हणजे आपल्याकडे सामान्य माणसाच्या हाती जी जीप पहिल्यांदा आली, ती वापरलेलीच होती. सेकंडहँड घेणं, खोलणं, दुसऱ्या गाडीचा भाग बसवणं, पुन्हा रस्त्यावर आणणं, ही जीपची आपल्याकडची मूळ रीत आहे. नवी जीप शोरूममधून घेणं ही फार नंतरची गोष्ट.

१९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं आणि मुंबईत माझगावला विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडल्या जाऊ लागल्या. गिऱ्हाईक मुख्यतः सरकार. २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला तशी गटविकास अधिकाऱ्याच्या दारात जीप उभी राहिली. मग तहसील, पाटबंधारे, वनखातं, पोलीस, आणि आमच्या पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने. ठरावीक वर्षं आणि किलोमीटर झाले की त्या गाड्यांचं निर्लेखन व्हायचं, लिलाव पुकारला जायचा, आणि बागायतदार, ठेकेदार, गॅरेजवाले बोली लावायला जमायचे. जीप गावात शिरली ती या वाटेने.

या सांगाड्यातून एक यंत्रणा जवळजवळ जशीच्या तशी पुढे आली: गिअरच्या दांड्याशेजारी असलेला फोर बाय फोरचा दांडा आणि त्याखालचा ट्रान्सफर केस. दांडा ओढला की पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी पक्की बांधली जातात, मध्ये कसलीही ढील नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा वळसा घेतात. चिखलात, वाळूत, ओल्या गवतात हा फरक चाकं थोडी घसरून भरून काढतात. कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नसते. मग ताण चढतो तो प्रोपेलर शाफ्टवर, त्याच्या क्रॉसवर, डिफरन्शियलच्या दातांवर. ही रचना युद्धातल्या चिखलासाठी होती आणि २०१० च्या थारपर्यंत तीच राहिली. आधीच्या मालकाने हौसेने घाटातल्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून गाडी चालवली असेल, तर त्याची किंमत नवा मालक मोजतो. म्हणून ट्रायल घेताना गाडी मोकळ्या मातीत नेऊन फोर-हाय आणि फोर-लो दोन्ही टाकून बघावं, सरळ चालवावी, वळवावी, खालून कटकट येते का हे कान देऊन ऐकावं. ट्रायल फक्त हायवेवर देणाऱ्या विकणाऱ्याकडून मी गाडी घेणार नाही.

विलीजचं इंजिन पेट्रोलचं होतं आणि तहानही तशीच होती. १९७३ मध्ये कच्च्या तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोल जीप बाळगणं भल्याभल्यांना झेपेना. महिंद्रकडे उत्तर घरातच होतं. १९६३ पासून इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबरच्या भागीदारीत बी-२७५ ट्रॅक्टर बनत होता, जो जुने शेतकरी आजही नावाने ओळखतात. त्या ट्रॅक्टरची कंपनी १९७७ मध्ये महिंद्रमध्येच विलीन झाली. बी-२७५ चं सुमारे २३५० सीसीचं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवलं गेलं. जीप आवाजाने ट्रॅक्टरसारखी झाली, वेगाला बेताची, पण कमी फेऱ्यांवर ओढ अशी की भरलेला ट्रेलर चढणीला हलायचा.

या इंजिनाचं घराणं कसं ओळखायचं? बोलेरो आणि थारच्या डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, इंजिनाचा बोअर ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर आहे. मेट्रिक पद्धतीत विचार करणारा कोणताही अभियंता असे आकडे निवडणार नाही. इंचात मोजले तर मात्र ते साडेतीन आणि बरोब्बर चार होतात. बी-२७५ च्या इंजिनाचा स्ट्रोकही चार इंचच होता, आणि त्याच्याच पाठच्या बी-४१४ ट्रॅक्टरच्या इंजिनाचा बोअर साडेतीन इंच. चार सिलिंडरांचा हिशेब मांडा, २५२३ सीसी येतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमधल्या कारखान्यात ठरलेली ती मापं एकविसाव्या शतकातल्या आरसीवर अजून छापली जात होती. मला ही गोष्ट विलक्षण वाटते, आणि ती या इंजिनाचा स्वभावही सांगते: फेऱ्या कमी, धातू भरपूर, तालुक्याच्या कोणत्याही मेकॅनिकला हाताखालचं.

दुसरं घराणं १९७९ मध्ये आलं. महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार करून एक्सडीपी ४.९० हे २११२ सीसीचं डिझेल इंजिन बनवण्याचा परवाना घेतला. हेच इंजिन प्यूजो ५०४ मध्ये होतं, आफ्रिकेत टॅक्सी म्हणून ज्या गाडीने वाळवंटं तुडवली ती. ट्रॅक्टरच्या इंजिनापेक्षा ते मुळातच मोटारीसाठी घडलेलं, फेऱ्या जास्त घेणारं, चालायला हलकं. इगतपुरीत इंजिनांचा कारखाना आणि नाशिकला गाड्यांचा, असा तो पट्टा तयार झाला, आणि ऐंशीच्या दशकात एमएम ५४० या जीपमधून प्यूजोचं इंजिन गावोगाव पोचलं. पुढे त्याच कुळातलं मोठं इंजिन आलं, बोअर ९४, स्ट्रोक ९०, एकूण २४९८ सीसी.

त्याच काळात कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे वडापचा धंदा वाढला. कमांडर आणि ट्रॅक्ससारख्या लांब गाड्यांत बसतील तेवढी माणसं घेऊन एसटी न पोचणाऱ्या वाड्यांपर्यंत वाहतूक चालायची. धंद्याच्या गाडीला फोर व्हीलचं वजन परवडत नसे, त्यामुळे बहुतेक गाड्या टू व्हील ड्राइव्हच्या, आणि जिथे पुढचा शाफ्ट होता तिथेही तो काढून कोपऱ्यात ठेवला जाई. त्या काळातली जीप घेताना ‘फोर बाय फोर आहे’ यावर विसंबू नये. खाली वाकून पुढे शाफ्ट जोडलेला आहे ना, हे बघावं.

या सगळ्या कथेत टर्बो उशिरा आला. कल्पना जुनी: स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्येच पेटंट घेतलं होतं. सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या धुराने एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरायची. जहाजं आणि रेल्वे इंजिनांनी ती आधी वापरली. मोटारींत मर्सिडीजने १९७८ मध्ये अमेरिकी बाजारासाठी टर्बो डिझेल गाडी काढली आणि लगेच पुढच्या वर्षी प्यूजो ६०४ आली, जिचं इंजिन आपल्या एमएम ५४० च्याच कुळातलं. आपल्याकडे मात्र तेव्हा टर्बोची निकड कोणाला नव्हती. रस्ते अरुंद, वेग कमी. महामार्ग रुंदावले, पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग झाला, धुराचे नियम कडक झाले, तेव्हा त्याच इंजिनातून जास्त ताकद आणि कमी काजळी काढणं भाग पडलं. पुण्यात तयार झालेली टाटा सफारी १९९८ मध्ये टर्बो डिझेल आणि फोर बाय फोरसह आली. नाशिकची स्कॉर्पिओ जून २००२ मध्ये, २.६ लिटर टर्बो डिझेल घेऊन.

मग कॉमन रेल. जुन्या पद्धतीत पंप प्रत्येक नोझलला वेगळ्या नळीतून डिझेल ढकलायचा. कॉमन रेलमध्ये एका सामायिक नळीत हजार बारच्या वर दाब सतत राखलेला असतो, आणि कधी, किती फवारायचं हे संगणक ठरवतो. नोझल आणि इंजेक्टर बनवणारा मायकोचा, म्हणजे आताच्या बॉशचा, कारखानाही नाशिकलाच सातपूरला आहे. एकाच शहरात गाडी आणि तिच्या इंजिनाचं नाजूक काळीज दोन्ही बनत होती.

ऑक्टोबर २०१० मध्ये थार आली तेव्हा वेळ तिला अनुकूल होती. त्याच वर्षी जूनमध्ये पेट्रोलचे भाव खुले झाले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारच्या हातात राहिले. २०१२ मध्ये मुंबईत दोन्हींत लिटरमागे तीस रुपयांच्या वर तफावत पडली होती. थारची दोन रूपं होती: डीआय, २५२३ सीसी आणि ६३ अश्वशक्ती, आणि कॉमन रेलची सीआरडीई, २४९८ सीसी आणि १०५ अश्वशक्ती. टर्बो दोन्हींना. ट्रॅक्टरचं घराणं आणि प्यूजोचा आकडा एकाच शोरूममध्ये शेजारी शेजारी उभे होते, आणि आज वापरलेल्या गाड्यांच्या बाजारातही तसेच उभे आहेत.

यातलं कोणतं घ्यावं हे वापरावर ठरतं. शेतावर, डोंगरात, शहरापासून लांब राहणाऱ्याला मी डीआय सुचवेन. ती साठ-सत्तरच्या वेगाने समाधानी असते, पंप-नोझलचं काम तालुक्याला होतं, आणि पावसात वायरिंग भिजलं तरी बहुधा घरी आणते. पुण्याहून सह्याद्रीत जा-ये करणाऱ्याने सीआरडीई घ्यावी, पण डिझेल फिल्टर वेळेवर बदलले होते का, हे बिलं मागून बघावं. डिझेलमधलं पाणी आणि कचरा इंजेक्टरचा जीव घेतात, आणि चार इंजेक्टरांचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने फार मोठा असतो.

टर्बोची तपासणी दोन्हींना सारखीच. रबरी पाइप काढून चक्राचा दांडा बोटाने हलवून बघावा. जरासा खेळ चालतो, पण पातं कडेला घासत असेल तर टर्बो संपला. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो आणि त्याला इंजिन ऑइलच्या पातळ थराचाच आधार असतो. घाट चढून आल्याबरोबर चावी फिरवून इंजिन बंद केलं की ऑइल थांबतं, तापलेल्या टर्बोत ते जळून कार्बन धरतं. म्हणून विकणारा गाडी कशी बंद करतो, हेही बघून ठेवावं. ऑइलचं झाकण उघडून चालू इंजिनातून जोराची हवा मारते का ते पाहावं: मारत असेल तर रिंग-पिस्टनचं काम निघालं. मग खाली झोपून चेसिस बघावं. या गाड्या इंजिनाने म्हाताऱ्या होण्याआधी गंजाने म्हाताऱ्या होतात, आणि कोकणात, गोव्यात फिरलेल्या गाडीचं चेसिस ताज्या काळ्या रंगाखाली पोखरलेलं असू शकतं. पाटे बदलता येतात, टप बदलता येतो, चेसिस नाही.

कागदांचं प्रकरण गेल्या दहा वर्षांत गुंतागुंतीचं झालं. २०१५ मध्ये हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्या बंद केल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. तिथल्या चांगल्या स्थितीतल्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांकडे निघाल्या, महाराष्ट्रातही आल्या. स्वस्त दिसणाऱ्या अशा गाडीत एनओसी, इथला कर आणि नव्याने पासिंग यांचा खर्च धरूनच हिशेब करावा. दुसरी अडचण इंजिन बदललेल्या जुन्या जीपची. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, अशा गाड्या पुष्कळ आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असा बदल नोंदवलेला नसेल तर ती गाडी नावावर करताना, विम्याच्या दाव्यात आणि पुनर्नोंदणीला अडते. इंजिन कितीही सुंदर चालत असलं तरी अशी जीप घेऊ नये.

पहिल्या थारांची पंधरा वर्षं २०२५ च्या अखेरीपासून भरू लागली. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची पुनर्नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी होते, तिचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपये झालं, आणि त्यावर पर्यावरण कर. शुल्कापेक्षा मोठी गोष्ट तपासणीची: ब्रेक, धूर, दिवे, आणि चेसिसवर ठोकलेला नंबर वाचता येणं. तो नंबर गंजून गेला असेल तर अर्ज तिथेच थांबतो. मुदत जवळ आली की बरेच मालक ही तपासणी टाळण्यासाठीच गाडी विकायला काढतात, त्यामुळे सध्या बाजारात चौदा-पंधरा वर्षांच्या थार दिसू लागल्या आहेत. अशी गाडी पसंत पडली तर पुनर्नोंदणी विकणाऱ्याने करून द्यायची, हे बयाणा देण्याआधीच कागदावर लिहून घ्यावं, आणि उरलेली रक्कम नवी आरसी हातात पडल्यावर द्यावी.